तलावाचा बांध आणि पाच दारं

"मग अर्ज कसा लिहू बुवा, म्हणजे दरबाराला पाझर फुटेल?"

विचारणारा सुभेदार सटवाजीराव. समोर अमृतगीर गोसावी झोळी झटकत बसलेला.

सुभ्याच्या तलावाचा बांध फुटलेला. खाली बारा गावांची शेतं कोरडी. राजधानीतून पैका येईल येईल म्हणता दोन वर्षं गेली. आता तिसऱ्यांदा मागायला जायचं, म्हणून सुभेदार आशीर्वादाला आलेला.

"तुझ्या सुभ्यात काही पिकत नाही का रे?"

"पिकतं की. बाजार भरतो, घाटातनं बैलांचे तांडे जातात. पण आपल्याच माणसांकडं बांधासाठी पट्टी मागायची कशी? रुसतात. तुमचं बरं, हात पसरला की मिळतं."

"असं? मग चल माझ्यासंगं."

काय सांगू! डोईला मंदिल, खांद्याला झोळी, असा सुभेदार माधुकरीला निघाला.

पहिलं दार पेठेतल्या सावकाराचं. सुभेदारानं झोळीचं तोंड पार फाकवलं.

"इथंच भरून घेऊ की. कशाला वणवण?"

गोसाव्यानं झोळी मागं ओढली.

"एका दारी एकच चतकोर. उद्या हे दार लागलं तर खाशील काय?"

चतकोर घेतली, पुढं निघाले. बागवान झाला, साळी झाला. चौथं दार भागा कुंभारणीचं. ती भाकरी हातात धरून उंबऱ्यातच उभी राहिली.

"वाढते सरकार. पण बांध कधी घालणार ते सांगा."

"घालू की."

"आणि मागल्या बांधाचा दगड तुमच्या मेव्हण्याच्या वाड्याला लागला म्हणे?"

सुभेदार गोसाव्याकडं बघू लागला. गोसावी आभाळाकडं...

"विचारतो त्याला," सुभेदार कसाबसा बोलला.

"विचारा. मी हितंच आहे." आणि मग तिनं चतकोर वाढली.

पाचवं दारही तसंच. मठीत परत आले तेव्हा झोळीत दोघांपुरतं अन्न होतं, पण सुभेदाराला घास जाईना.

"चतकोर देतात बुवा, अन् पोतंभर विचारतात!"

"आणि दरबारात?"

"तिथं कोण विचारतंय? नुसतं वाकून उभं राहायचं."

"किती वेळ?"

"...दोन वर्षं झाली."

अमृतगीरनं भाकरीचा तुकडा मोडला, सावकाश चावला.

"मग तूच ठरव बाबा. कान दुखलेले बरे, का कंबर?"