घटकावाल्याची सनई

फार जुन्या काळी, भिंतीवर घड्याळं यायच्या कितीतरी आधी, एका राजाच्या गढीत एक घटकावाला होता. त्याचं काम ऐकायला सोपं, करायला महाकठीण. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात सोडायची. वाटी भरून बुडाली की घटका झाली. लगेच टोला द्यायचा आणि वाटी उपसून पुन्हा तरंगत सोडायची. मधे डुलकी लागली तर अख्ख्या गावाची वेळ चुकायची. पण पठ्ठ्याने जन्मभर एकही टोला चुकवला नाही.

पहाटेचा टोला पडला की समोरच्या नगारखान्यात सनई सुरू व्हायची. घटकावाल्याला तिचं भारी वेड. पण वाटीवरून नजर हलवायची सोय कुठे? "म्हातारपणी सवडीने शिकेन," असं तो मनाशी म्हणायचा.

म्हातारपण आलं. राजाने त्याला शाल पांघरवून मानाने घरी पाठवलं. सनईवालाही त्याच सुमारास घरी बसला. तो आपण होऊन म्हणाला, "गड्या, रोज सकाळी येत जा. हवं तेवढं शिकवतो. फक्त उशीर करू नकोस, माझा दम आता ओसरायला लागलाय."

आता याने धावत जायला हवं होतं की नाही? पण सवय कुठली सुटायला! त्याने घरच्या घंगाळातही वाटी सोडली. "एवढी घटका भरली की निघतोच," असं तो बायकोला सांगायचा. वाटी बुडायची, हात आपोआप पाण्यात जायचा, वाटी पुन्हा तरंगायला लागायची. मग हाही पुन्हा तिच्यासमोर बसायचा.

"अहो, आता कुणासाठी मोजताय?" बायको विचारायची.

"मोजलं नाही तर दिवस वाया गेल्यासारखा वाटतो गं," तो म्हणायचा. असेच महिने गेले.

एके दिवशी सनईवालाच काठी टेकत आला. ओसरीवर बसून त्याने आधी दम घेतला.

"तुला वेळ मिळत नाही आणि माझ्याजवळ तो फार उरला नाही," तो म्हणाला. "माझ्यामागे ही सनई खुंटीला लटकून राहील. निदान एक तरी धून घे." आणि तो वाजवू लागला.

घटकावाल्याने मान वर केली. जन्मभर ऐकलेली सनई त्याने आज पहिल्यांदा पाहिली. फुगलेले गाल, थरथरती बोटं, मधेच तुटणारा श्वास. वाटी बुडून तळाशी गेली, पण त्याचा हात काही तिकडे गेला नाही. "दे इकडे," एवढंच तो म्हणाला.

पहिल्या फुंकीला कुत्री भुंकली. शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या. बायको तर तोंडाला पदर लावून हसत सुटली. ज्याच्या टोल्यात कुणाला कधी खोट सापडली नव्हती, तो माणूस आता रोज ढीगभर चुका करायचा आणि स्वतःच खदखदून हसायचा. उतारवयात पुन्हा शिकाऊ व्हायला छाती लागते, मंडळी. ती त्याच्याकडे होती. दिवस कधी उगवला नि कधी मावळला, हे त्याला कळेनासं झालं.

थंडीत सनईवाला अंथरुणाला खिळला. घटकावाला त्याच्या उशाशी बसला आणि ती धून त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. एक सूर घसरलाच. सनईवाल्याने डोळे मिटून ती ऐकली, मग हसून म्हणाला, "छान. आता दुसरी धून कोण शिकवणार तुला?"

घटकावाल्याचे डोळे भरून आले. "मी उशिरा आलो रे," तो म्हणाला.

सनईवाला गेला. तेव्हापासून गावात कुणीही कामातून मोकळं झालं, की घटकावाला पहिल्याच सकाळी त्याच्या दारात हजर व्हायचा आणि विचारायचा, "काय करायचं राहून गेलंय तुझं? चल, आजच सुरू करू."

बोध: कामातून सुटका झाली म्हणून आनंदाला वेळ मिळतोच असं नाही, तो आपल्यालाच काढावा लागतो, आणि तोही वेळेवर.