घाटमाथ्याची घागर

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. घाटमाथ्यावर त्याला 'नाही' म्हणणारे कोणी नव्हते. तुम्ही म्हणाल, काय सुखी माणूस! पण थांबा.

घाटमाथा त्याच्या बापाने जिंकलेला. तिथली रीत अशी, की मोठा प्रश्न आला म्हणजे दर चुलीमागे एक मूठ दाणे मातीच्या घागरीत पडत. होकाराला ज्वारी, नकाराला उडीद. बापाने ती घागर पळवून कोठारात नागाच्या पहाऱ्यात कोंडली आणि मांत्रिकाकरवी तिचे तोंड बांधले. त्या दिवसापासून तिथली माणसे राजापुढे दोनच शब्द बोलू शकत : "जशी आज्ञा."

एकदा अरिंजयाने विचारले, "पूल भक्कम आहे ना?"

"जशी आज्ञा," माणसे रडत म्हणाली. पूल कोसळला. राजाचा धाकटा भाऊ वाहून जाता जाता वाचला.

राजा हबकला. खिडकीतला भारद्वाज पक्षी म्हणाला, "राजा, तीन कामे कर. कोठारातल्या नागाकडून घागर सोडव. ती स्वतःच्या डोक्यावरून घाटमाथ्यावर ने. मग विचार, माझ्या राज्यात राहता का? आणि वेशीबाहेर जाऊन बैस."

नागाने वाट दिली. घाट चढताना मान मोडून आली, तेही निभावले. तिसऱ्या कामात मात्र राजाचा पाय घसरला. प्रश्न विचारून त्याने हळूच आपली मूठभर ज्वारी बांधल्या तोंडातून आत सारू पाहिली. घागरीने ती त्याच्याच तोंडावर फेकली.

"तुझी चूल इथे पेटते का?" पक्ष्याने विचारले.

राजा खाली मान घालून वेशीबाहेर गेला. तो बाहेर पडताच घागरीचे तोंड सुटले आणि मुठी पडू लागल्या.

अखेर गावची थोरली, सोनकी म्हातारी, घागर घेऊन आली. तिने ती पालथी केली. काळेभोर उडीद!

"नाही," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटले. मागून सारा गाव "नाही, नाही" करत नाचू लागला.

राजाच्या काळजात कळ उठली. मग वाटले, सुटलो! आता खरे सांगणारे कोणी तरी आहे.

"मुलूख तुमचा, आजीबाई. शेजारी म्हणून तरी ठेवाल?"

"त्याला पुन्हा दाणे टाकावे लागतील."

"तोवर मी काय करू?"

"तू बैस."

राजा दगडावर बसून राहिला. उन्हे कलली तेव्हा म्हातारी परतली. घागरीत ज्वारी होती.

"चल जेवायला," ती म्हणाली. "दोन मुठी उडीद निघालेत. त्या घरांवरून जाताना जरा जपून."