पायाळूचा डावा पाय

बुधवारी सकाळी सव्वासात वाजता एका गावातल्या पायाळू बाईचा पाय मुरगळला. हापशाच्या ओल्या कट्ट्यावरून कळशी घेऊन उतरताना डावा पाय आत वळला आणि घोट्यात कट्‌कन वाजलं.

बाईचं नाव कौसल्या. ती जन्मली तेव्हा तिचे पाय आधी बाहेर आले होते, म्हणून ती पायाळू. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठ धरली, की माणसं तिच्या दारात यायची आणि ओसरीवर पालथी पडायची. कौसल्या उजवा पाय त्यांच्या पाठीवरून हलकेच फिरवायची. बरं वाटलं म्हणत माणसं उठायची. यासाठी ती कुणाकडून काही घेत नसे. पण गावात तिला मान होता, आणि तो मान तिला फार आवडायचा.

आता बघा, उजवा पाय सगळ्यांना दिसायचा. तो उचलला की सगळं अंग डाव्या पायावर उभं राहायचं. त्या डाव्या पायाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तिचंसुद्धा नव्हतं.

पाय मुरगळला तेव्हा तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना. मग घोट्याकडे पाहिलं. घरी पोचेपर्यंत घोटा टम्म सुजला. सासूने आंबेहळदीचा लेप लावला आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी घोटा दाबून पाहिला. "हाड शाबूत आहे, पण आतून ताणलंय. पट्टी बांधून पाय उशीवर ठेवायचा. आणि नीट ऐका. दुखणं लवकर थांबेल, पण पायात जोर उशिरा येईल. तोवर ओझं उचलायचं नाही. लेकरूसुद्धा नाही."

लेकरू म्हणजे पमी. अजून दोन वर्षांचीही नव्हती, आणि सारा दिवस आईच्या कडेवर असायची.

थोडे दिवस कौसल्या पडून राहिली. ठणका कमी झाला. तेवढ्यात बाजाराच्या दिवशी शेजारच्या आळीतले बाबू नाना कमरेत वाकून, दोघांच्या आधाराने ओसरीवर आले. त्यांच्यामागे बघायला आळीतली माणसं आली.

सासू आत येऊन हळूच म्हणाली, "सांग त्यांना, पाय दुखावलाय म्हणून. नाना काय राग धरणारेत?"

"नानांचं नाही हो आत्या. बाहेर बाकीचे कोण कोण जमलेत ते बघा. पायाळूचाच पाय गेला, म्हणतील."

तिने पट्टी सोडली, गादीखाली सारली आणि बाहेर आली. उजवा पाय उचलला. डाव्या घोट्यातून कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. तिने चेहरा हसरा ठेवला.

नाना उठून बसले. "पोरी, गुण आहे गं तुझ्या पायाला," ते म्हणाले.

झालं. नानांमागून दुसरं कुणी आलं, मग तिसरं आलं. कौसल्याने कुणाला नाही म्हटलं नाही. रस्त्याने ताठ चालायची आणि उंबरा ओलांडला की भिंत धरायची.

सासू म्हणाली, "बाहेर मोराची चाल आणि घरात लंगडी. फसवतेस कुणाला, बये?"

कौसल्याने भिंतीवरचा हात काढून घेतला. पुढे कळ येईनाशी झाली, आणि कळ नाही म्हणजे पाय बरा झाला, असं तिने धरलं.

एके दिवशी दुपारी पमी रडत तिच्या पायाशी आली. कौसल्याने तिला उचलून कडेवर घेतलं आणि ओसरीची पायरी उतरली. पाय दुखला नाही. नुसता आत मुडपला. दोघी खाली आल्या, आणि पमीचा हात दगडी पायरीच्या कडेवर आपटून मोडला.

दवाखान्यात प्लास्टर घालताना पमी ओरडत होती. कौसल्याने हात पुढे केले. पमीने तिच्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि आजीच्या गळ्याला मिठी मारली. घरी आल्यावरही तेच. आई उचलायला वाकली की लेकरू अंग चोरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्याने गादीखालची पट्टी काढली. ओसरीवर, सगळ्या आळीला दिसेल अशी बसली आणि घोट्याला पट्टी बांधून पाय घडी घातलेल्या गोधडीवर ठेवला. आळीतल्या सोनाबाई कमरेवर हात ठेवून आल्या.

"वन्सं, आज पाय लावता येणार नाही. माझाच घोटा मुरगळलाय."

"पायाळूला कसली गं मुरगळ?"

"पायाळू असले तरी पाय माणसाचाच आहे ना."

सोनाबाई हसल्या आणि पुढच्या गावातल्या पायाळूकडे निघाल्या. मग आणखीही काही जण तिकडे गेले. कौसल्याच्याच दारावरून जायचे. जाताना कुणी म्हणायचं, पायाळू बसली पाय धरून. तिला ते लागायचं. पण ती उठली नाही.

पाय हळूहळू सुधारला. डॉक्टरीणबाईंनी दाखवलं तसं दाराची चौकट धरून टाचा उचलायच्या, टेकायच्या. एखाद्या दिवशी संध्याकाळी पुन्हा सूज यायची, की पुन्हा बसायचं. आळीतल्या बायका भुईमूग उपटायला शेतात गेल्या, आणि ती घरी बसून शेंगा फोडत राहिली.

पमीचं प्लास्टर निघालं. एका सकाळी ती आपणहून आईपुढे आली आणि दोन्ही हात वर केले. तिला उचलून छातीशी धरावं असं कौसल्याला फार वाटलं. आळीतल्या बायाही बघत होत्या. पण अजून पायात जोर आला नव्हता, आणि ते तिला ठाऊक होतं.

"उचलायला अजून वेळ आहे गं माझ्या बाई," ती म्हणाली. ती जमिनीवर बसली आणि लेकीला मांडीवर घेतलं.

तात्पर्य: दुखणं थांबलं म्हणजे अंग बरं झालं असं नसतं, आणि मानासाठी दुखणं लपवलं तर ते आपल्या कडेवरच्या जिवाला भोगावं लागतं. तुमच्या शेजारीपाजारी कुणी घाईने पट्टी सोडून उभी राहत असेल, तर तिला एवढं जरूर सांगा.