न उठणारे न्यायाधीश

खूप खूप वर्षांपूर्वी, कुठल्याशा एका राज्यात एक न्यायाधीश होते.

सूर्य उगवताना ते आसनावर बसत, ते दिवेलागणीलाच उठत. ते बसलेले असताना दुसऱ्या कोणी उठायचे नाही, असा दरबाराचा रिवाज होता. लोक त्यांच्या बैठकीचे तोंड भरून कौतुक करत. या कौतुकाची त्यांना अशी चटक लागली, की मध्येच उठावे लागू नये म्हणून ते दिवसभर पाण्याला शिवेनासे झाले. हा शहाणपणा कुठल्या पोथीत लिहिला होता, देव जाणे.

व्हायचे तेच झाले. लघवीला आग होऊ लागली, थंडी वाजून ताप भरू लागला. पण वैद्यांना खरे सांगायची त्यांना लाज वाटली. "डोके दुखते," एवढेच म्हणाले. वैद्यांनी कपाळाला सुंठेचा लेप लावला. दोन दिवसांत त्यांना धड बसवेना.

शेवटी त्यांची बायकोच म्हणाली, "वैद्यबुवा, दुखणं डोक्यात नाही. यांना लघवीला जळजळतंय. हे सांगायचे नाहीत आणि लाजेपायी जिवाला मुकायचे."

धरणीने पोटात घेतले तर बरे, असे न्यायाधीशांना झाले.

वैद्य हसले नाहीत. म्हणाले, "रावसाहेब, मूत्रात शर्करेचे बारीक धागे असतात. खायच्या साखरेचे नव्हेत, शरीर स्वतःच ते विणतं. धोतराला कुसळं चिकटावीत तसे रोगाचे जंतू त्यांना चिकटतात आणि लघवीबरोबर बाहेर पडतात. रखवालदार चोर धरून उभा आहे आणि तुम्ही दार लावून बसलात. आणखी चार दिवस लपवलं असतंत, तर मूत्रपिंडं गेली असती."

औषधाने आणि पाण्याने ते बरे होऊन दरबारात परतले. दुपारी, ऐन साक्षीच्या वेळी, ते ओशाळून उठले. "मी जरा लघवीला जाऊन येतो," म्हणाले. आता लोक हसणार, असे त्यांना वाटले. कोणीही हसले नाही.

परत येऊन पाहतात तो दरबार रिकामा. साक्षीदार, कारकून, भालदार, म्हाताऱ्याकोताऱ्या, सगळे आडोशाला धावले होते. आपल्या मोठेपणापायी ही माणसे इतकी वर्षे कळ सोसत बसली, हे त्यांना तेव्हा कळले. दुखण्याची वाटली नव्हती एवढी लाज त्यांना आता वाटली. शेवटची म्हातारी हळूहळू येऊन टेकेपर्यंत ते मान खाली घालून उभेच राहिले.

तात्पर्य: देहधर्माची लाज धरू नये, लाज धरावी ती दुसऱ्याला कळ सोसायला लावणाऱ्या मोठेपणाची.