ऐंशी मोहरांचा चोर

“चोर! माझ्या जहाजावर चोर!”

शंखपुरीचा राजा चंद्रकेतू एवढ्या मोठ्याने ओरडला, की डोलकाठीवरचा कावळा दचकून समुद्राकडे उडाला आणि दुसरीकडे बसायला जागा नाही म्हणून परत आला.

झालं होतं असं. राजा चार सरदारांना घेऊन सफरीला निघाला होता. प्रत्येकाने वीस-वीस मोहरा आणलेल्या. सकाळपासून तीन पत्तीचे चाळीस डाव झाले आणि बघतात तर काय, पाचही जण हरलेले! सगळ्यांत मिळून उरल्या वीस मोहरा.

“मी हरलो, तुम्ही हरलात, मग जिंकलं कोण?” राजाने मिशा ओढल्या. “ऐंशी मोहरा गेल्या कुठे?”

सरदारांची झडती झाली. पगड्यासुद्धा झटकल्या. काही निघेना. तेवढ्यात जहाजावरची स्वयंपाकीण आवडी लाडवांचं ताट घेऊन आली.

“हीच सारखी आत-बाहेर करत होती!” बलभीमराव सरदार म्हणाले. हरलेल्या माणसाला कुणीतरी हवंच असतं.

“आवडे,” राजा गरजला, “बंदराचा धक्का यायच्या आत चोर हजर कर. नाहीतर धक्क्यावरून थेट तुरुंगात!”

आवडीने पत्त्यांकडे पाहिलं, राजाच्या गादीकडे पाहिलं आणि हळूच हसली.

“महाराज, प्रत्येकी तीन लाडू घ्या. मोहरांऐवजी तेच लावून खेळा. नियम तुमचेच.”

“अगं, चोर पकडायचा की फराळ करायचा?”

“दोन्ही होईल, महाराज!”

डाव पडला. बलभीमराव जिंकले. पाच लाडू ओढायला त्यांनी हात पुढे केला, तोच आवडीने त्यातला एक उचलून तोंडात टाकला!

“माझा लाडू!”

“नाल, सरकार!” आवडी भरल्या तोंडाने म्हणाली.

दर डावातून नाल म्हणून जहाजाच्या मालकाचा वाटा काढायचा, हा राजाचाच नियम. शिडं, तेल, सनईवाले, सगळा खर्च त्यातूनच निघायचा.

दुसरा डाव, दुसरा लाडू. सहा लाडू आवडीने खाल्ले. मग ढेकर देऊन पुढच्या डावांचे नालाचे लाडू पदरात बांधू लागली. “पोट भरलं, पण नियम मोडायचा नाही!”

दहा डाव झाले. दोघांकडे दोन-दोन लाडू, राजाकडे एक आणि बाकीच्यांसमोर नुसता चुरा.

“पुन्हा सगळेच हरलो!” राजा ओरडला. “आणि दर डावाला एक लाडू हिने...” तो थबकला. “दर डावाला दोन मोहरा... चाळीस डाव...”

“त्या कुठे पडतात, महाराज?”

“पेटीत. सवयीने गादीकडेच्या फटीतून सरकवतो मी. सकाळीच रिकामी केली होती. पण पेटी आहे कुठे?”

“आपण जरा उठा, म्हणजे चोर सापडेल!”

राजा उठला. आवडीने गादी सरकवली. खाली पेटी! झाकण उघडून मोजल्या, तर बरोबर ऐंशी मोहरा. ज्याला शोधत होते, त्याच्यावरच महाराज सकाळपासून मांडी घालून बसले होते!

राजा खो-खो हसत सुटला. बलभीमरावांना तर ठसका लागला.

“आवडे, या ऐंशीच्या ऐंशी तुझ्या! धक्क्यावर उतरलो की देतो.”

आवडीने तिथल्या तिथे पदर पसरला.

“आत्ताच घाला, महाराज. धक्का लांब आहे. मधे आणखी एक डाव झाला, तर यातूनही नाल कापाल!”