बांधापलीकडचा मित्र

माणसांना गप्पांचं वेड लागलं त्याच्याही आधी शेताच्या बांधात टिपरी नावाची तरुण उंदरीण राहायची. बिळाच्या भिंतीपलीकडून एक गोड आवाज रोज तिच्याशी बोलायचा. "मीपण उंदीरच, तुझ्याच वयाचा," तो म्हणायचा.

एकदा तो म्हणाला, "या भोकातून शेपटी दाखव ना. आईला सांगू नकोस हं."

"नाही दाखवणार," टिपरी म्हणाली.

"मग मैत्री तुटली!" तो चिडून फुत्कारला.

उंदीर काही फुत्कारत नाहीत. टिपरी घाबरून आईकडे पळाली. ओरडा बसेल म्हणून रडतच तिने सगळं सांगितलं. आई रागावली नाही. दोघींनी मिळून भोक चिखलाने बुजवलं.

"अगं, मी एकटा पडलो ना!" पलीकडून साप कळवळला.

टिपरी ओरडली, "मग कात टाक मेल्या, आणि तिच्याशीच गप्पा मारत बस!"