साबाजी गावकराला घातलेली साद

फार फार मागे, आमच्या आज्याच्या आज्यानेही फक्त ऐकलेल्या काळात, तिरवण गावाचा कारभार साबाजी गावकर बघायचा. हातात मानाची काठी आणि शब्दाला वजन. पण कोणतंही मोठं काम काढायचं तर तो आधी रवळनाथाला कौल लावायचा. मूर्तीवर ओली पाकळी चिकटवायची. उजवीकडे पडली तर देवाचा होकार, डावीकडे पडली तर नकार. देवाच्या राईतली काटकीसुद्धा कौलाशिवाय तुटत नसे, असं म्हणतात.

एका वर्षी खालच्या वाडीने व्हाळावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, ये-जा करायला लाकडी साकव घालायला राईतलं एक झाड मागितलं. साबाजीने कौल लावला. पाकळी डावीकडे पडली. साबाजीने नाही म्हणून सांगितलं. त्या पावसाळ्यात खालच्या वाडीतल्या भागीचा नवरा व्हाळ ओलांडताना वाहून गेला. भागी रडली, पण देवाच्या शब्दापुढे काही बोलली नाही.

पुढच्या पावसाळ्यात साबाजीची एकुलती लेक आवडू बाळंतपणाला माहेरी निघाली आणि व्हाळाच्या पलीकडे अडकली. पाणी चढत होतं आणि तिला कळा सुरू झाल्या होत्या. साबाजीने कुऱ्हाड घेतली, राईतलं झाड पाडलं आणि व्हाळावर आडवं टाकलं. आवडू घरी आली, सुखरूप बाळंत झाली. गावाने साखर वाटली. वर गावाला साकव मिळाला तो वेगळाच! मग कोण कशाला तोंड उघडतो?

भातलावणीचा कौल लावायची वेळ आली. साबाजीने पाकळी चिकटवली, पण ती काही पडेना. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. वाळून पार कोरडी झाली तरी मूर्तीला धरून राहिली, असं म्हणतात. सगळं गाव देवळात हात जोडून उभं होतं. तेव्हा भागी पुढे आली.

"गावकरानू, माझ्या घोवाच्या येळाक तुमी देवाक इचारलास. लेकीच्या येळाक कित्याक नाय इचारलास?"

साबाजीने मूर्तीवरच्या पाकळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आनि डावो इलो असतो तर?"

कुठल्या बापाने विचारलं असतं?

साबाजीने काठी देवळाच्या पायरीवर ठेवली. "ही देवाची. माका ती माझीच वाटली," एवढंच बोलून तो निघाला. आवडू तान्ह्याला घेऊन दारात उभी राहून हाका मारत होती. त्याने मागे पाहिलं नाही. साकवावरून तो पलीकडे गेला, आणि त्याचा पाय पलीकडच्या मातीला लागला तोच इकडे पाकळी पडली. उजवीकडे.

ती पडताना भागीने पाहिली. तीच सगळ्यांच्या आधी व्हाळाकडे धावली. "साबाजीनू, उजवो इलो! घराक येवा!" पण पलीकडे कोणी नव्हतं. साकवाच्या तोडलेल्या लाकडाला मात्र कोवळी पानं फुटली होती, असं म्हणतात.

आवडू म्हातारी होऊन गेली तरी रोज बापाचं ताट वाढत राहिली. गावालाही त्याची आस सुटली नाही. चुकलेले गावकर पुष्कळ झाले हो, पण काठी परत ठेवणारा तो एकच.

आजही तिरवणात कोणी सरपंच झाला की आधी खुर्चीत बसत नाही. साकवावर अनवाणी उभा राहतो आणि भागीच्याच शब्दांत पलीकडे साद घालतो, "साबाजीनू, उजवो इलो! घराक येवा!" मग सगळं गाव काठावर गप्प उभं राहून उत्तराची वाट बघतं.